रुळांलगतचा चाकवत

त्या घराला पुढचे दार होते, पण ते कुणी वापरत नसे. जाणे-येणे सगळे मागच्या जाळीच्या दाराने. त्याला स्प्रिंग होती. सोडले की ते चौकटीवर आपटे, आणि कोण बाहेर गेले हे घरातल्या प्रत्येकाला न पाहता कळे. मुकुंदा दार आपटून जात असे. वहिनी ते हाताने धरून अलगद टेकवत. त्यामुळे वरच्या खोलीत अभ्यासाला बसलेल्या मला त्या बाहेर पडल्याचे कधीच ऐकू आले नाही. घरामागे चार घरे सोडून मालगाडीचे रूळ होते. डबे जोडताना होणारा धडाका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळत जाई आणि खिडकीच्या काचा थरथरत. पहिला महिनाभर मी त्या आवाजाने दचकलो, नंतर तो थांबला की दचकू लागलो.

गावाचे नाव लिहीत नाही. तिथे आजही लोक राहतात. अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातले, मक्याच्या शेतांनी वेढलेले विद्यापीठाचे गाव, एवढे पुरे. घराच्या खालच्या मजल्यावर मुकुंदा आणि त्याची पत्नी शुभा राहत; वरची एक खोली माझी. मुकुंदा नागपूरचा, यंत्र अभियांत्रिकीत पीएच.डी. करणारा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. शुभा कऱ्हाडची. वयाने ती माझ्याहून लहान होती, पण मुकुंदाची बायको म्हणून मी तिला वहिनी म्हणत आलो आणि अहो-जाहो करत आलो. त्या मला भावजी म्हणत. मी मिरजेहून सिव्हिलची पदवी घेऊन आलो होतो आणि पाणी, माती व सांडपाणी यांच्या अभ्यासाची जी शाखा तेव्हा नवी होती तिच्यात शिकत होतो. मुकुंदा तिला गटारशास्त्र म्हणत असे.

जेवणाविषयी लिहायला हवे, कारण तेव्हा आम्ही दुसऱ्या कशाविषयी फारसे बोलत नव्हतो. विद्यापीठाच्या भोजनगृहात शाकाहारी माणसासाठी तीन गोष्टी असत: उकडलेला बटाटा, पाण्यासारख्या चवीचा पांढुरका सॅलडचा पाला, आणि डब्यातला पालक. हा पालक काळपट हिरवा असे आणि त्याला पत्र्याचा वास येई. मी तो एक हिवाळाभर खाल्ला. वहिनी आल्या आणि मी खाली जेवू लागलो. डाळी, हळद, हरभऱ्याचे पीठ शिकागोहून टपालाने येत. हिंगाची डबी वहिनींनी कऱ्हाडहून आणली होती आणि ती तिहेरी पिशवीत बांधून ठेवलेली असे. ताजी पालेभाजी मात्र नव्हती. मेथी नाही, अंबाडी नाही, शेपू नाही. मंडईतून कोवळी जुडी आणून पाण्यात निथळत ठेवणे, देठ मोडून पाहणे, ही रोजची कामे आम्हा तिघांच्याही अंगात होती आणि त्या गावात त्यांना जागा नव्हती.

वसंतात वहिनींना दिवस गेल्याचे सर्वांना कळले. त्याआधी त्यांना जेवण जाईनासे झाले होते. शेजारच्या घरातून मांस भाजल्याचा वास आला की त्या नळ सोडून तोंडावर पाणी मारत. डॉक्टरने बिस्किटे खायला सांगितली; ती पोटात राहत नव्हती. गालफडे बसली. एका रविवारी मुकुंदाने रागावूनच विचारले, "अगं, पण तुला खावंसं काय वाटतंय ते तरी सांग ना. मी कुठूनही आणतो."

"सांगून काय उपयोग?"

"सांग तर खरं."

"ताकातला चाकवत," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांना एकदम रडू आले. मुकुंदा माझ्याकडे पाहत राहिला. तो नागपूरचा, चाकवत त्याने फारसा खाल्लेला नव्हता. तो त्याच दुपारी गाडी काढून तीन सुपरमार्केटे फिरून आला आणि पालकाच्या दोन जुड्या घेऊन परतला. वहिनींनी त्या शिजवल्या. खाल्ल्या नाहीत.

गर्भार बाईचे डोहाळे पुरवायचे असतात, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही. ते हवेत असते. मी विज्ञानाचा विद्यार्थी होतो, डोहाळ्यांवर माझा विश्वास नव्हता. तरी त्या रविवारनंतर चालताना माझी नजर खाली राहू लागली. प्रयोगशाळेकडे जाण्याची माझी वाट रुळांच्या बाजूने एका मोकळ्या जागेतून जाई. तिथे फुटक्या विटांचे ढीग होते, मधून तण माजले होते. एका सकाळी त्या तणाकडे पाहून मी थांबलो. पानाची खालची बाजू पिठाळ होती, कोवळ्या शेंड्यावर भुकटी शिंपडल्यासारखी चमक होती. एक पान चुरून पाहिले. चाकवत होता. शेतभर नव्हे, पण आम्हा तिघांना संपूर्ण उन्हाळाभर पुरेल इतका, आणि त्या देशात त्याला कुणी हात लावणारे नव्हते.

त्या दिवशी वहिनींनी तो निवडला, ते मी पाहिले. घरचे माणूस परगावाहून आल्यावर जसे त्याच्या हातातले सामान घेतात, तशी त्यांनी माझ्याकडून पिशवी घेतली. शिजवून घोटला, दुकानातले दाट आंबट ताक पाणी घालून सारखे केले, शेंगदाणे, डाळ, शिकागोचे पीठ, आणि वरून लसणीची फोडणी. त्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. उलटी झाली नाही. मुकुंदा टेबलाशी बसून त्यांच्या घशाकडे पाहत होता.

"काय बे बापट," तो मला म्हणाला, "तुझं गटारशास्त्र कामी आलं ना बाप्पा."

"भावजींना काही बोलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. "सगळ्या गावात हे एकटेच खाली बघून चालतात."

त्यानंतर मी एक दिवसाआड पिशवी भरून आणत असे. विद्यापीठातले कुणी भेटले तर संकोच वाटे. एकदा वर्गातल्या एका मुलाने विचारले की ससे पाळले आहेत का. मी हो म्हणालो. वहिनींच्या अंगावर मांस चढू लागले. त्या गुणगुणत भांडी घासत. सहा आठवडे ते घर सुखी होते, आणि त्यात माझा वाटा होता असे मला वाटे. हे लिहून ठेवतो, कारण पुढे जे झाले त्याने ते सहा आठवडे खोटे ठरत नाहीत.

माझी नात आता इथेच कॉलेजात आहे आणि पर्यावरण हाच तिचा विषय आहे. आमच्या सनीव्हेलच्या स्वयंपाकघरात तिने सालींसाठी वेगळा डबा ठेवला आहे. परवा शनिवारच्या बाजारातून तिने एक जुडी आणली आणि ओट्यावर ठेवून मला म्हणाली, "आजोबा, धिस इज वाइल्ड. सुपर हेल्दी. तुम्ही लोक हे खायचात का?" मी पाहिले. चाकवत होता, रबरबँड लावलेला. मी म्हणालो, खायचो. "मग तुम्ही कधी फोरेज केलंत का? लाइक, स्वतः जाऊन तोडून?" मी जुडीचा रबरबँड काढला. तिला माझ्या उत्तर न देण्याची सवय आहे. तिने तो कच्चाच चिरून खाल्ला.

उन्हाळी सत्रात आम्हाला एक स्वाध्याय होता. प्रत्येकाने आपल्या राहत्या घराजवळची माती आणायची आणि तिच्यातले धातू मोजायचे. बाकीच्यांनी अंगणातली माती आणली. मी वाटेवरच्या त्या मोकळ्या जागेतून आणली. तिथे कुणाची परवानगी लागत नव्हती, इतकेच कारण. माती वाळवली, चाळली, नायट्रिक आम्लात उकळली, गाळली आणि यंत्राच्या ज्योतीत सोडली. शिशाचा आकडा आला तेव्हा मला वाटले, पातळ करताना माझी चूक झाली. पुन्हा केले. तिसऱ्यांदा नवीन माती आणून केले. आकडा इथे लिहीत नाही. वर्गातल्या सर्वांच्या आकड्यांची बेरीज त्याच्या आसपासही जात नव्हती.

आमचे प्राध्यापक वयस्क, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी कागद पाहिला आणि ग्रंथालयातून गावाचा जुना नकाशा मागवला. त्या जागी पूर्वी जुन्या बॅटऱ्या वितळवण्याचा कारखाना होता. तो पाडून टाकल्याला इतका काळ लोटला होता की नाव सांगणारा कुणी उरला नव्हता. विटांचे ढीग त्याचेच. प्राध्यापकांनी चष्मा काढला आणि मला विचारले, "तिथे मुले खेळतात का?"

मी म्हणालो, "नाही."

ते खरे होते. त्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, नगरपालिकेला पत्र लिहितो म्हणाले, आणि माझ्या कामाची स्तुती केली. मुले खेळतात का, एवढाच प्रश्न त्यांना सुचू शकत होता. त्या जागेतले तण कुणी घरी नेऊन शिजवत असेल, ही कल्पना त्या देशातल्या कुणाच्या डोक्यात येणे शक्य नव्हते. ती फक्त माझ्या डोक्यात होती, आणि मी ती तिथेच ठेवली.

त्या संध्याकाळी मी पिशवीशिवाय घरी गेलो. वहिनी सातव्या महिन्यात होत्या. त्यांनी विचारले, "आज रिकामे हात?"

"गवत कापलं, वहिनी. पालिकेनं. सगळं साफ केलं."

"अगदी सगळं?"

"सगळं."

त्या म्हणाल्या, "बरं," आणि फ्रिजमधून कोबी काढला. मुकुंदा तिथेच वर्तमानपत्र वाचत होता. मला सांगता आले असते. दोन वाक्यांचे काम होते. मी स्वतःला असे समजावले की माती म्हणजे पान नव्हे. मातीत शिसे असले म्हणजे ते पानात उतरतेच असे नाही. धुतल्यावर किती उरते, शिजवल्यावर किती उरते, हे मोजल्याशिवाय गर्भार बाईला घाबरवणे अशास्त्रीय ठरेल. आधी खात्री, मग बोलणे. आम्हाला असेच शिकवले होते आणि ते शिक्षण चांगले होते. मी पाने तोडून आणली, अर्धी धुतली, अर्धी तशीच ठेवली, भट्टीत वाळवली. यंत्राला नंबर लावावा लागे. त्यात दोन आठवडे गेले. आकडे आले. न धुतलेल्या पानात पुष्कळ होते, धुतलेल्यात कमी. पण होते. ते आल्यावरही पाच दिवस गेले. त्या पाच दिवसांना माझ्याकडे कारण नाही. पुष्कळ शोधले आहे.

पाचवा दिवस रविवार होता. दुपारी मुकुंदाने जिन्यातून हाक मारली, "बापट, खाली ये! तुझ्या वहिनीनं आज बेत केलाय!" मी खाली गेलो. वहिनींनी टेबलावर तीन ताटे मांडली होती. भात, लिंबाचे लोणचे, पोळ्या. त्यांनी माझ्या ताटाशेजारी वाटी ठेवली आणि पदर खोचून समोर उभ्या राहिल्या. चेहऱ्यावर मिस्कील हसू होते.

"ओळखा."

वाटीत ताकातला चाकवत होता.

"गवत कापलं म्हणालात ना?" त्या म्हणाल्या. "मग हे काय? मी तीन दिवसांनीच गेले होते तिकडं फिरत. कमरेइतकं वाढलंय. म्हटलं, भावजींना लाज वाटायला लागली असेल, कॉलेजातली पोरं हसत असतील. असू दे. आपणच आणू. डॉक्टर म्हणालाच आहे, रोज चाला."

"रोज?" मी विचारले.

"रोज म्हणजे, जवळजवळ. तुम्ही लॅबमध्ये असता तेव्हा. हे आज मुद्दाम तुमच्यासाठी केलं, चोरी पकडायला."

मुकुंदा मोठ्याने हसला. "पकडला गेलास बे!"

मी घास घेतला. हे मला आजही समजावता येत नाही. त्यांनी वाढले होते, त्या पाहत होत्या, आणि मी पोळीचा तुकडा मोडून वाटीत बुडवला आणि खाल्ला. चव उत्तम होती. मग वहिनी बसल्या आणि त्यांनी आपली वाटी पुढे ओढली. तेव्हा माझा हात टेबलावरून पलीकडे गेला आणि मी ती वाटी त्यांच्यापुढून उचलली.

दुसऱ्याच्या बायकोच्या ताटाला हात लावणे ही आमच्यात करण्याजोगी गोष्ट नाही. मुकुंदाला वाटले मी थट्टा करतो आहे. "अरे, आता तिच्या ताटातलंही खाणार का?" असे तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे पाहून थांबला. मी वाटी मोरीत उपडी केली. नंतर माझी. नंतर त्याची. मग उभ्या उभ्याच सांगितले: कारखाना, माती, पाने. शिसे पोटातल्या मुलाच्या मेंदूला, स्मरणशक्तीला काय करते तेही सांगितले, कारण मुकुंदाने विचारले. मी वर्गात उत्तर द्यावे तसे क्रमाने सांगत गेलो. आवाज स्थिर होता. रुळांवर डबे जोडण्याचे काम चालू होते आणि दोनदा मला मध्ये थांबावे लागले.

वहिनींनी दोन्ही हात पोटावर ठेवले होते. कारखान्याविषयी त्यांनी काही विचारले नाही. त्या म्हणाल्या, "तुम्हाला कधी कळलं?"

पानांच्या आकड्यापासून मोजले असते तर पाच दिवस म्हणता आले असते. मी म्हणालो, "एकोणीस दिवस झाले."

त्यांनी मनात काही जुळवले. "म्हणजे गवत कापलं म्हणालात, त्या दिवशी."

"हो."

"त्याच दिवशी."

"हो."

"तेव्हा बोलला असतात," त्या सावकाश म्हणाल्या, "तर मी गेलेच नसते." त्यांनी उठून गॅस बंद केला. तो बंदच होता. मुकुंदा म्हणाला, "शुभा, बस जरा," आणि त्यांनी ऐकले नाही. त्या आतल्या खोलीत गेल्या. मी वर गेलो. त्या दिवशी दार आपटल्याचा एकही आवाज आला नाही; कुणी बाहेर गेले नाही.

सोमवारी रक्त तपासले. डॉक्टरला पटवून द्यायला वेळ लागला. तुम्ही तण खाल्ले असे तुम्हाला म्हणायचे आहे का, असे त्याने दोनदा विचारले म्हणे. निकाल आल्यावर मुकुंदा जिन्याच्या तळाशी उभा राहिला आणि वर न येता म्हणाला, "आहे." किती, ते त्याने सांगितले नाही. विचारण्याचा अधिकार मला नव्हता, तरी त्या घरात तो आकडा समजू शकणारा कदाचित मीच एकटा होतो. महिन्याअखेरीस मी दुसरीकडे खोली पाहिली. सामान उचलताना वहिनी पुढ्यात आल्या, बाजूला झाल्या आणि "सावकाश, बापट," म्हणाल्या. भावजी हा शब्द त्यांनी पुन्हा वापरला नाही. पानगळीत मुलगी झाली. वजन चांगले होते, रडली लगेच, असे दुसऱ्यांकडून कळले. पुढच्या उन्हाळ्यात मुकुंदाला नोकरी लागली आणि ते पूर्व किनाऱ्याकडे निघून गेले. पालिकेने त्या जागेभोवती कुंपण घातले. माझा तो स्वाध्याय विभागाच्या काचेच्या कपाटात लावला होता.

मी पुढे चाळीस वर्षे हेच काम केले. माती मोजली, पाणी मोजले. हाताखालच्या माणसांना मी एक नियम घालून दिला होता: आकडा आला की त्याच दिवशी सांगायचे, खात्री नंतर करायची. ते मला उतावळा समजत. त्यांना कारण सांगितले नाही.

आता शेवटचे. काही वर्षांपूर्वी इथल्या मंडळाच्या गणपतीत, शाळेच्या सभागृहात, जेवणाच्या रांगेत उभा होतो. मसालेभात वाढणारी बाई चाळिशीची होती. कपाळ मुकुंदाचे; पाहताच ओळखले. मुकुंदा वारल्याचे कानावर आले होते. मुलगी नोकरीसाठी इकडे आल्याचे नव्हते. तिचे नाव मी इथे लिहीत नाही. ती माझ्याकडे पाहून हसली. "काका, राइस थोडा की जास्त? तुम्ही इथलेच ना? नाव काय तुमचं?" मी आडनाव सांगितले. तिने वाढले, पुढच्याला वाढले, मग पुन्हा माझ्याकडे वळून म्हणाली, "सॉरी काका, काय नाव म्हणालात?"

सभागृहात ढोल वाजत होता. कुणीही दोनदा विचारले असते. मी पुन्हा सांगितले. मग ताट घेऊन बाजूच्या खांबाला टेकून उभा राहिलो आणि तिच्याकडे पाहत राहिलो. डाव किती सफाईने धरते. कुपनांचे सुटे पैसे मोजताना अडखळते का. कुणाच्या मुलाचे नाव आठवताना किती वेळ थांबते. एका बाईला तिने चुकून दोनदा वाढले. मी ते नोंदले. तिने विनोद केला आणि रांग हसली. तेही नोंदले.

"झालं पाहून?"

खांबाच्या पलीकडे खुर्चीवर वहिनी बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे, मांडीवर वाढपाचे प्लॅस्टिकचे हातमोजे. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. मुलीकडेच पाहत होत्या. किती वेळ मला पाहत होत्या ते कळायला मार्ग नव्हता.

"तिला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"ते तुम्हाला जमतं."

मी ताट धरून उभा होतो, भात निवून गेला होता. मुलगी डाव ठेवून हात पुसत आमच्याकडे येऊ लागली तेव्हा वहिनी उठल्या.

"काही दिसलं का?" त्यांनी हळूच, घाईने विचारले. मान माझ्याकडे वळवली होती. आवाजात टोचणी नव्हती. ज्याला त्यातले कळते अशा माणसाला विचारावे तसे त्या विचारत होत्या. "तुम्ही शिकलेले आहात. मला रोज काहीतरी दिसतं. तुम्हाला दिसलं का?"